पोर्तोमध्ये एक दिवस: अंतर मोजू नका, चढ मोजा

नमस्कार. तुमचा प्रश्न वाचला. सप्टेंबरअखेर लिस्बनहून रेल्वेने पोर्तोला येताय, हातात एकच पूर्ण दिवस आहे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी विमान. तुम्ही दोघं, सोबत चौऱ्याहत्तरचे वडील, इतिहासवेडे. अडुसष्टची आई, शुद्ध शाकाहारी, गुडघ्यांनी हैराण. आणि अकरा वर्षांची मुलगी. यादीत चौदा ठिकाणं आहेत. वर तुम्ही विचारलंय, "नकाशावर सगळं दोन किलोमीटरच्या आतच दिसतंय, मग निवांत चालत होईल ना?"

दोन किलोमीटर बरोबर आहे. पण पोर्तोत अडचण अंतराची नसते, उंचीची असते. हे गाव दोरू नदीच्या खोल दरीच्या काठावर वसलंय. रेल्वे स्टेशन, कॅथेड्रल, बाजार सगळं वर. जुना धक्का आणि हॉटेलांची रांग खाली पाण्याला लागून. नदीवरच्या दॉम लुईस पुलाला दोन मजले आहेत, आणि वरच्या मजल्यापासून खालच्यापर्यंतची उंची साधारण पंधरा मजली इमारतीएवढी भरते. नकाशात ही दोन टोकं एकावर एक दिसतात. प्रत्यक्षात मध्ये दगडी पायऱ्या आणि घसरडे बोळ आहेत. तुमची यादी तुम्ही लिहिलीय त्या क्रमाने केली, तर आई दिवसातून तीनदा खाली उतरतील आणि तीनदा वर चढतील. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोलतो, हे त्यांना विचारा, त्याच सांगतील.

मी आधी मोठे ग्रुप घेऊन स्पेन-पोर्तुगाल करायचे, आता लहान कुटुंबांचे दौरे आखून देते. पोर्तोसाठी माझा एकच नियम आहे: सकाळ वर घालवायची, यंत्राच्या मदतीने एकदाच खाली उतरायचं, दुपार नदीकाठी सपाटीवर काढायची आणि यंत्रानेच वर यायचं. पायाने चढ जवळजवळ नाहीच. नशिबाने या गावात त्यासाठी लागणारं सगळं आहे: पुलावरून जाणारी मेट्रो, पलीकडच्या काठावर केबल कार, अलीकडच्या काठावर फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोरीने ओढली जाणारी छोटी रेल्वे, आणि नदीच्या कडेकडेने समुद्रापर्यंत जाणारी बस.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तुमचा दिवस रविवार असेल तर बोल्याओ बाजार बंद असेल, सकाळ थोडी बदलावी लागेल. सप्टेंबरअखेर हवा बहुतेक छान असते, पण हे अटलांटिकच्या तोंडावरचं गाव आहे. एखादा पावसाळी दिवस येऊ शकतो, आणि ओल्या फरशीवर इथे भलेभले घसरतात. आईंचे बूट रबरी तळव्याचे आणि घट्ट पकडीचे हवेत. तिसरी गोष्ट म्हणजे हॉटेल. अजून घेतलं नसेल तर वरच्या भागात घ्या, अलियादोस, त्रिंदादे किंवा बोल्याओ मेट्रो स्टेशनच्या आसपास. रिबेइरा म्हणजे खालचा जुना धक्का; तिथल्या खोल्या फोटोत सुंदर दिसतात, पण दिवसाची सुरुवातच चढाने होते. शिवाय अशा जुन्या घरांत लिफ्ट असेलच असं नाही. बुकिंगआधी तेवढं विचाराच.

लिस्बनची गाडी तुम्हाला कांपान्या स्टेशनवर सोडेल. तिथून लोकल पाचेक मिनिटांत साओ बेंतोला, म्हणजे गावाच्या मधोमध आणते. मेट्रो-बससाठी 'आंदांते' नावाचं कार्ड मिळतं. ते प्रत्येकाला वेगळं लागतं. एकाच कार्डावर पाच जण जाता येत नाही, आणि गाडी बदलली की पुन्हा यंत्राला लावायचं असतं. तपासनीस आले की "आम्हाला माहीत नव्हतं" हे कारण चालत नाही.

आता दिवस. नऊ-साडेनऊला बोल्याओ बाजारातून सुरुवात करा. जुनी भव्य मंडई आहे, मोठ्या दुरुस्तीनंतर २०२२मध्ये पुन्हा उघडली. खाली फळं, भाज्या, मासळी, पाव, चीज, ऑलिव्ह. वर खाण्याच्या जागा. मी लोकांना इथे पाठवते ते फोटोंपेक्षा शिदोरीसाठी. आईंसाठी मक्याच्या पिठाचा जाडजूड पाव, ताजं चीज, टोमॅटो, अंजीर-द्राक्षं इथेच घेऊन ठेवा. सप्टेंबरअखेर हा द्राक्षतोडीचा हंगाम असतो. शिदोरी हाताशी असली की दुपारी कुठे काय मिळेल याची चिंता अर्धी कमी होते. बाजारापासून दोन मिनिटांवर सांता कातारिना रस्त्यावर एक छोटं प्रार्थनास्थळ आहे, कापेला दास आल्मास. बाहेरची भिंत पूर्ण निळ्या-पांढऱ्या टाइल्सची. टाइल्स १९२९च्या आहेत, म्हणजे दिसतात तितक्या जुन्या नाहीत, पण सकाळी तिथे गर्दी कमी असते आणि मुलीला फोटो काढायला मजा येईल.

तिथून रस्ता हळूहळू उताराने साओ बेंतो स्टेशनकडे जातो. इथे घाई करू नका. लोक आत येतात, मान वर करतात, फोटो काढतात आणि पाच मिनिटांत बाहेर पडतात. वडिलांसाठी मात्र हे स्टेशन म्हणजे पोर्तुगालच्या इतिहासाचं चित्ररूप पुस्तक आहे. १९१६मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनच्या दालनात जोर्ज कोलासो यांनी रंगवलेल्या सुमारे २० हजार टाइल्स आहेत. त्याआधी या जागेवर बायकांचा मठ होता. दालनातल्या मोठ्या चित्रांपैकी दोन त्यांना नक्की दाखवा. एकात राजा जॉन पहिला आणि त्याची इंग्रज राणी फिलिपा १३८७मध्ये पोर्तो शहरात प्रवेश करताना दिसतात. दुसऱ्यात आहे १४१५ची सेउता मोहीम, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं बंदर पोर्तुगीजांनी जिंकलं ती. त्या राजा-राणीचा मुलगा हेन्री १३९४मध्ये याच गावात जन्मला आणि सेउताच्या मोहिमेत होता. पुढे त्याने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजं पाठवायचा ध्यास घेतला, आणि तो धागा १४९८मध्ये कालिकतपर्यंत आणि १५१०मध्ये गोव्यापर्यंत आला. कोकण-गोव्याचा साडेचारशे वर्षांचा इतिहास ज्या घरातून सुरू झाला, त्या घरचं लग्न या भिंतीवर आहे, असं वडिलांना सांगा आणि त्यांना एकट्याला वीस मिनिटं सोडा. तेवढ्यात तुम्ही चौघं कोपऱ्यावर कॉफी प्या. एक सावधगिरी: या दालनात सगळ्यांच्या नजरा वर असतात, आणि खिसेकापूंना नेमकं तेच हवं असतं. पासपोर्ट आणि पाकीट अंगाशी ठेवा.

स्टेशनसमोरच अलियादोसचा रुंद रस्ता आणि त्याच्या तोंडाशी प्रासा दा लिबेर्दादे हा चौक आहे. मध्ये घोड्यावर राजा पेद्रो चौथा, हातात राज्यघटना. वडिलांना इथेही गोव्याचा संबंध सापडेल. १८२०च्या ऑगस्टमध्ये पोर्तोतूनच उदारमतवादी क्रांती सुरू झाली. तिच्यातून जी संसद आली, तिच्यासाठी गोव्यातूनही प्रतिनिधी निवडले गेले. त्यांतलेच एक बेर्नार्दो पेरेस दा सिल्वा. पुढे १८३५मध्ये ते गोव्याचे पहिले गोमंतकीय प्रशासक झाले, जरी ती सत्ता काही दिवसांतच उलथवली गेली. पेद्रोने १८३२-३३मध्ये वर्षभराचा वेढा याच गावात काढला. मरताना त्याने आपलं हृदय पोर्तोला दिलं. ते आजही लापा नावाच्या चर्चमध्ये जपून ठेवलंय. एरवी कुणाला दाखवत नाहीत, त्यामुळे तिथवर जाऊ नका.

स्टेशनपासून कॅथेड्रलला जाताना थोडा चढ आहे, पण रस्ता रुंद आणि सौम्य. दहा मिनिटं धरा, आईंसोबत पंधरा. गोव्यातलं से कॅथेड्रल ज्यांनी पाहिलंय, त्यांना इथलं 'से' सुरुवातीला रुक्ष वाटतं. १२व्या शतकातलं बांधकाम, किल्ल्यासारख्या जाड भिंती, सजावट नंतरची. जॉन आणि फिलिपा यांचं लग्न इथेच झालं. आत जायला तिकीट आहे आणि अंगणाभोवतीच्या ओवऱ्यांतल्या टाइल्स त्या पैशाच्या आहेत. बाहेरचं पटांगण फुकट आहे आणि तिथून खालच्या लाल कौलांचा उतार नदीपर्यंत दिसतो. तिथे बसायला कट्टा आहे. बसा.

इथे दिवसातला महत्त्वाचा निर्णय येतो. कॅथेड्रलच्या बाजूने पायऱ्या आणि बोळ खाली रिबेइराला जातात. सगळे लोंढे तिकडेच उतरतात, रस्ताही रम्य आहे. तुम्ही उतरू नका. कॅथेड्रलसमोरून रस्ता जवळजवळ सपाटीने पुलाच्या वरच्या मजल्यावर जातो, त्याने पलीकडे जा. हा मजला मेट्रोचा आहे, पण कडेने पायी जाता येतं. गाडी हळू येते, घंटा वाजवते. दहा मिनिटांचं अंतर. कुणाला उंचीची भीती वाटत असेल, तर त्यांनी साओ बेंतोहून पिवळ्या मार्गाची मेट्रो पकडावी आणि पुढच्याच स्टेशनवर, जार्दिम दो मोर्रोला उतरावं.

पुलाबद्दल थोडं, कारण गाइड हमखास चुकीचं सांगतात. हा आयफेलचा पूल नव्हे. तो तेओफिल सेरीग यांनी आखला, जे आधी आयफेलचे भागीदार होते आणि नंतर वेगळे झाले. आयफेलच्या कंपनीचा पूल नदीच्या वरच्या अंगाला आहे, १८७७चा मारिया पिया, रेल्वेचा. तो १९९१पासून बंद आहे. त्याच्या आखणीतही सेरीग होतेच. दॉम लुईस पूल १८८६मध्ये खुला झाला, कमानीची लांबी १७२ मीटर. एकाच कमानीवर दोन रस्ते टांगायची कल्पना या दरीनेच सुचवली असणार, कारण गावाचा वरचा आणि खालचा भाग दोघांनाही पलीकडे जायचं होतं. मेट्रो वरच्या मजल्यावर २००५मध्ये आली.

पलीकडचं गाव पोर्तो नव्हे. ते विला नोव्हा द गाया, नगरपालिका वेगळी. जार्दिम दो मोर्रो ही तिथली टेकडीवरची बाग. तिथून केबल कार घ्या आणि खाली गायाच्या धक्क्यावर उतरा. पाच मिनिटांची सफर, तिकीट त्या मानाने महाग, "एवढ्यासाठी एवढे पैसे?" असं वडील म्हणतीलच. ते पैसे देखाव्याचे समजू नका, आईंच्या गुडघ्यांचे समजा. वारा जोराचा असेल तर केबल कार थांबवतात. मग सरळ टॅक्सी बोलवा, पाच जणांसाठी मोठी गाडी मागवायला विसरू नका.

आता साडेबारा वाजले असतील. इथून पुढे दोन-अडीच तास काहीही ठरवू नका. माझ्या आखणीत ही रिकामी जागा असतेच. लोक आधी नाराज होतात, "एवढे पैसे खर्चून आलो आणि नुसतं बसायचं?" पण नदीकाठचं गाव नदीकाठी बसूनच कळतं. गायाच्या धक्क्यावरून समोर रिबेइराची घरं दिसतात, उंच, अरुंद, एकमेकांना टेकलेली. त्यांची तोंडं दक्षिणेकडे असल्याने दुपारी ऊन त्यांच्यावर असतं. मोरंबी, पिवळा, विटकरी, मधूनच टाइल्सचा निळा. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. उन्हाळ्याच्या शेवटी काही पोरं पुलाच्या खालच्या मजल्यावरून नदीत उड्या मारताना दिसतील, तुमची मुलगी तिथून हलणार नाही. धक्क्याला लागलेल्या लांब, चपट्या होड्या रबेलो. धरणं बांधली जाण्याआधी वरच्या खोऱ्यातली दारूची पिंपं याच होड्यांतून इथे यायची. आता त्या कंपन्यांच्या जाहिराती म्हणून उभ्या असतात.

जेवण. रेस्टॉरंटमध्ये बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज न मागता टेबलावर येईल. ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं. नको असेल तर हसून परत पाठवा, कुणी रागवत नाही. तुम्ही मांसाहारी असाल तर फ्रांसेसिन्या एकदा खा, दोघांत एक पुरे: मांसाचे थर घातलेलं सँडविच, वर वितळलेलं चीज आणि बिअर-टोमॅटोचा रस्सा. पोर्तोचा दुसरा अभिमान म्हणजे आतड्यांची भाजी. इथल्या लोकांना त्यावरून त्रिपेइरो म्हणतात. सेउताच्या मोहिमेसाठी गावाने चांगलं मांस जहाजांना दिलं आणि स्वतः आतडी खाल्ली, अशी दंतकथा आहे. टेबलावर ते आलं, तर आईंना गोष्ट आधी सांगा, ताट नंतर दाखवा.

आईंसाठी थोडी मेहनत लागेल. काल्दो वेर्दे हे बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप, दिसायला अगदी आपलं. पण त्यात सॉसेजची चकती घालायची रीत आहे आणि रस्साही मांसाचा असू शकतो. "सें कार्ने, सें पेश", मांस नको, मासा नको, हे दोन शब्दसमूह पाठ करा आणि रस्सा कशाचा हे वेगळं विचारा. खात्री वाटली नाही तर सॅलड, भात, उकडलेल्या भाज्या मागवा आणि सकाळची शिदोरी बागेत उघडा. पाश्तेल द नाता ही प्रसिद्ध गोड वाटी अंड्याच्या बलकाची असते. अंडं चालत नसेल तर नाहीच. इथल्या पारंपरिक मिठायांत काही ठिकाणी डुकराची चरबीही पडते, म्हणून न विचारता काही देऊ नका. दुपारी तीननंतर बरीच स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद होतात, हेही लक्षात ठेवा.

पोर्ट वाइनचं तळघर बघायचं असेल, तर तीनच्या आसपासची वेळ आधी ऑनलाइन घ्या. निवड करताना ब्रँडचं नाव कमी आणि पत्ता जास्त बघा. सँडेमन, कालेम, फेरेइरा यांची तळघरं धक्क्यावरच आहेत. टेलर्स आणि ग्रॅहम्स चढावर आहेत. बागा आणि देखावा सुंदर, पण तुमच्या गटासाठी नको. आत पाऊण तास, गार आणि अंधारं, आईंना शाल. मुलीला येऊ देतात, पण कंटाळेल. आई आणि मुलगी दोघी बाहेर नदीकाठी थांबल्या तरी बिघडत नाही.

आत ऐकायला मिळेल ते थोडक्यात असं. द्राक्षं इथली नव्हेतच, ती वर दोरूच्या डोंगराळ खोऱ्यातली. पोर्तुगालचे तेव्हाचे मंत्री मार्क्विस पोंबाल यांनी १७५६मध्ये त्या प्रदेशाची हद्द आखून दिली. कायद्याने आखलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या द्राक्षप्रदेशांपैकी तो एक. रस आंबत असतानाच त्यात तीव्र द्राक्षमद्य ओततात, आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते; म्हणून ही दारू गोडही असते आणि कडकही, साधारण २० टक्क्यांची. खोऱ्यात उन्हाळा भाजून काढणारा, गाया समुद्राजवळचं, गार आणि दमट. पिंपं मुरायला इथे आणायची ती त्यामुळे. १९८६पर्यंत परदेशी जाणारी पोर्ट गायामधूनच जावी असा नियम होता. चव घेताना रूबीपेक्षा टॉनी मागा, दहा वर्षांची पुरे. रूबी फळांची, टॉनी सुक्या मेव्याची. आपल्या जिभेला दुसरी लवकर आवडते असा माझा अनुभव आहे. ग्लास छोटा असतो, पण संध्याकाळी अजून चालायचंय.

चार-साडेचारला पुलाच्या खालच्या मजल्यावरून पायी अलीकडे या. सपाट आहे, पदपथ मात्र अरुंद. पूल संपला की डाव्या हाताला रिबेइराचा धक्का. थोडं पुढे भिंतीत ब्राँझचं एक उठावचित्र आहे, समोर अनेकदा मेणबत्त्या जळत असतात. २९ मार्च १८०९ला नेपोलियनच्या सैन्यापासून पळणारे लोक इथल्या होड्यांच्या पुलावर लोटले, पूल मोडला आणि शेकडो माणसं नदीत गेली. तिथे उभे राहिलात तर क्षणभर आवाज कमी ठेवा, स्थानिक लोक अजून तिथे मेणबत्त्या लावतात.

इथून एक निवड: साओ फ्रान्सिस्को चर्च, किंवा होडी. दोन्ही नको, थकवा येईल. चर्च बाहेरून साधं आणि आत लाकडी कोरीवकामावर सोनं चढवलेलं, भिंत ना भिंत भरलेली. शेजारच्या पालासियो दा बोल्सामध्ये फक्त मार्गदर्शकासोबत, ठरलेल्या वेळी जाता येतं. एका दिवसात तो मी वगळते. होडी म्हणजे सहा पुलांखालून पन्नासेक मिनिटांची फेरी. तुमच्या गटाला मी होडीच सुचवीन. आई बसून राहतील, मुलगी पूल मोजेल आणि वडिलांना सव्वाशे वर्षांची पूलविद्या एका रांगेत दिसेल: १८७७चा लोखंडी मारिया पिया, १९६३चा काँक्रीटचा आराबिदा, ज्याची २७० मीटरची कमान तेव्हा काँक्रीटमधली जगातली सर्वांत लांब होती, १९९१चा रेल्वेपूल, २००३चा इन्फान्ते. नदीच्या पाण्यातून वर बघितल्याशिवाय दरी किती खोल आहे ते समजत नाही.

तुमच्या यादीत समुद्राकाठचं फोज आणि जुनी ट्राम आहे. ट्राम देखणी आहे, पण पायरी उंच, रांग मोठी, आत उभं राहावं लागतं. ५०० नंबरची बस तोच नदीकाठचा रस्ता घेऊन फोजवरून मातोसिन्योसला जाते, भाडंही बरंच कमी. पण फोज त्याच दिवशी नको. ते दुसऱ्या दिवशी सकाळी करा, विमान दुपारचं आहे ना? प्रासा दा लिबेर्दादेहून बस, उजाडल्यावर दीपगृहाजवळ लाटा बघा, कॉफी प्या, अकराला हॉटेलवर. लाटा मोठ्या असतील तर धक्क्याच्या टोकाशी अजिबात जाऊ नका, फोटोसाठी तर नाहीच.

परत वर यायला पुलाच्या पायथ्याशी गिंदाईशचं फ्युनिक्युलर आहे, काही मिनिटांत बातालियाच्या चौकाजवळ सोडतं. हे साधन १८९१चं, मधला बराच काळ बंद होतं, २००४मध्ये नवं झालं. दुरुस्तीसाठी बंद असेल तर टॅक्सी. साडेसहाला वर आलात की ज्यांच्यात जीव आहे त्यांनी साओ बेंतोहून मेट्रोने पुन्हा जार्दिम दो मोर्रोला जावं. सप्टेंबरअखेर सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि नदीच्या मुखाच्या दिशेने मावळतो. गवतावर शेकडो लोक बसलेले असतात, कुणीतरी गिटार घेऊन आलेलं असतं. आई दमल्या असतील तर त्यांना हॉटेलवर राहू द्या, आग्रह करू नका.

राहिली तुमच्या यादीतली दोन मोठी नावं. लेलो पुस्तकाचं दुकान १९०६चं आहे, जिना खरंच अप्रतिम. पण तिकीट वेळ ठरवून घ्यावं लागतं आणि आत माणसांचीच भिंत असते. हॅरी पॉटर या गाजलेल्या जादूच्या मालिकेची प्रेरणा म्हणून ते दाखवलं जातं. तिच्या लेखिकेने २०२०मध्ये स्वतःच सांगितलंय की आपण तिथे कधी पाऊलही ठेवलेलं नाही. मुलगी त्या मालिकेची वेडी असेल तर सकाळची पहिली वेळ घ्या, तिकिटाची रक्कम पुस्तकाच्या किमतीतून वजा होते. नाहीतर सोडा. क्लेरिगोसचा मनोरा निकोलाउ नासोनीचा, १७६३चा, आणि वर जायला दोनशेहून जास्त पायऱ्या. मुलगी आणि तुम्ही दोघं चढू शकता, पण साओ बेंतोपासून तिथवर जायलाच चढ आहे. ज्या दिवशी आई-वडिलांसाठी चढ टाळायचा म्हणून सगळी आखणी केली, त्या दिवशी तो मध्ये खुपसण्यात अर्थ नाही. पालासियो द क्रिस्टलच्या बागाही सुंदर, मोर फिरतात, पण त्या वेगळ्या दिशेला आहेत. दोन दिवस असते तर नक्की म्हटलं असतं.

म्हणजे क्रम असा होतो: बोल्याओ, साओ बेंतो, कॅथेड्रल, पुलाच्या वरून गाया, केबल कारने खाली, रिकामी दुपार, तळघर, पुलाच्या खालून रिबेइरा, होडी, फ्युनिक्युलरने वर. चौदापैकी सातच्या आसपास ठिकाणं होतात.

पाऊस असेल तर मधला भाग उलटवा: होडी काढून टाका, साओ फ्रान्सिस्को आणि तळघर ठेवा, आणि पुलावरून चालण्याऐवजी मेट्रो घ्या. पोर्तोत नेमका कुठला वार पडतोय, हॉटेल घेतलंय का, आणि आईंना एका वेळी किती मिनिटं न थांबता चालता येतं, हे तीन तपशील कळवा. तिसऱ्याचं उत्तर दहाच्या खाली असेल तर कॅथेड्रलचा चढही टॅक्सीने करायचा आणि पुलाचा वरचा मजला मेट्रोने, बाकी सगळं तसंच राहील.